विश्लेषण : पोटावर स्टोमाची पिशवी आणि मैदानावर कबड्डी... जपायचे नेमके काय?

आतड्याची शस्त्रक्रिया झाली, पोटावर पिशवी आली, आणि वर्षभराने मुलगा म्हणतो, 'मी पुन्हा कबड्डी सुरू करतो.' खेळू द्यायचे का? इंदिरानगरमधील एका वाचकाने डिजिटल डेस्कला विचारलेला हा प्रश्न. याचे उत्तर दवाखान्यात बहुतेक वेळा 'जपून' असे मिळते आणि मोबाइलवर 'सगळे शक्य आहे' असे. जपायचे म्हणजे काय, कशापासून, आणि कोणत्या खेळात ते जपणे शक्यच नाही, हे मात्र दोन्हीकडे सांगितले जात नाही. घरच्यांची आणि खेळाडूची सगळी धास्ती पिशवी फुटण्याची, चारचौघांत लाज जाण्याची असते. पिशवी बदलता येते. खरा जपायचा अवयव तिच्या आत आहे.

स्टोमा म्हणजे काय?

स्टोमा हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ तोंड. आतड्याचा किंवा मूत्रमार्गाचा नेहमीचा रस्ता बंद करावा लागला की शल्यचिकित्सक पोटावर एक छिद्र करून आतड्याचे टोक बाहेर काढतात, ते उलटवून त्वचेला शिवतात. मोठ्या आतड्याचे टोक असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टोमी आणि लघवीसाठी केलेला मार्ग असेल तर युरोस्टोमी. बाहेर दिसतो तो ओठाच्या आतल्या भागासारखा लालसर, ओलसर गोळा. त्याला झडप नाही, स्नायूंचा ताबा नाही. त्यामुळे मल किंवा मूत्र येईल तेव्हा येते आणि त्वचेला चिकटवलेल्या पिशवीत जमा होते.

ही गोष्ट फक्त कर्करोगाची किंवा म्हातारपणाची, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तसे नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दाहाचे आजार ऐन तारुण्यात येतात. टायफॉइडमध्ये किंवा आतड्याच्या क्षयरोगात आतड्याला छिद्र पडते, मोटारसायकलच्या अपघातात पोटाला मार बसतो, आणि रात्री-अपरात्री तातडीची शस्त्रक्रिया करून स्टोमा करावा लागतो. अशा तातडीच्या शस्त्रक्रियांतील बरेच स्टोमा तात्पुरते असतात, काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडून ते बंद केले जातात. तुमचा स्टोमा या प्रकारातला असेल तर उत्तर सोपे आहे. तो बंद होईपर्यंत आणि त्यानंतर पोटाची भिंत सांधेपर्यंत अंगाला अंग भिडणारा खेळ नको. पुढचा मजकूर मुख्यतः ज्यांना हा स्टोमा कायमचा सांभाळायचा आहे, त्यांच्यासाठी.

दुखत नाही, हीच अडचण

मैदानावर वाढलेल्या प्रत्येकाचा एक हिशेब ठरलेला असतो : दुखले की थांबायचे, नाही दुखले तर खेळायचे. स्टोमाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. आतड्याच्या अस्तराला त्वचेसारख्या वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. ते कापले गेले, घासले गेले तरी कळ येत नाही. त्यात रक्तवाहिन्या मात्र भरपूर. साध्या पुसण्यानेही रक्ताचा ठिपका दिसू शकतो. म्हणजे पकडीतून सुटून आलेला खेळाडू 'काही झाले नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो आणि पिशवीत रक्त साचत असते.

यातही एक गंमत, अर्थात कटू. बाहेरच्या माणसाचा गुडघा लागून होणाऱ्या इजेइतकीच, स्वतःच्याच साहित्याने होणारी इजा लक्षात घ्यावी लागते. पिशवी ज्या चकतीने त्वचेला चिकटते तिला फ्लँज म्हणतात. तिचे भोक स्टोमापेक्षा साधारण दोन ते तीन मिलिमीटर मोठे कापायचे असते. ते फार तंग असेल, किंवा धावताना, वाकताना चकती जागची सरकली, की तिची कड आतड्यात रुतत राहते. आरशात पाहिले तर स्टोमावर पांढरट किंवा पिवळसर रेघ दिसते. ती कापल्याची खूण आहे. उलट भोक फार मोठे ठेवले तर मल त्वचेवर उतरतो आणि कातडी सोलवटते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे स्टोमाची सूज उतरत जाते, आकार बदलतो. तेव्हा दवाखान्यात दिलेले जुने माप वर्षभर वापरत राहणे चुकीचे. खेळायला उतरण्याआधीची पहिली तयारी म्हणजे नवे माप.

मार किती तऱ्हेचा?

कबड्डीचेच उदाहरण घेऊ, कारण प्रश्न तिचाच आहे आणि या एका खेळात सगळ्या तऱ्हा सापडतात. चढाई करणाऱ्याला आडवा येऊन दिलेला धक्का, किंवा निसटताना पोटात बसलेला गुडघा, हा सरळ मार. तो थोड्या जागेवर, क्षणात येतो. मागची बाजू स्टोमाला पोटाच्या स्नायूंची आणि पुढची बाजू प्रतिस्पर्ध्याची. आतडे मध्ये चेपले जाते.

दुसरा प्रकार घासण्याचा. मध्यरेषेला हात लावण्यासाठी चढाईपटू पोटावर झेप घेतो आणि मॅटवरून घसरत जातो. घोटा पकडायला झेपावणारा कोपऱ्यातला बचावपटूही तसाच पडतो. इथे जोर आत नाही, आडवा लागतो. घाम असेल तर चकतीचा डिंक अशा ओढीला लवकर हार मानतो. खो-खोतील सूर मारणे याच जातीचे.

तिसरा प्रकार आवळण्याचा. कंबरेला घातलेली मिठी, साखळीत सापडल्यावर अंगावर पडलेले चार-पाच जण. बाहेरून पिशवी दाबली जाते आणि आत पोटातला दाबही वाढतो, कारण अशा वेळी माणूस श्वास कोंडून जोर लावतो. डुबकी मारताना वाकणेही थोडे याच प्रकारचे. या दाबाचा परिणाम त्याच दिवशी दिसेलच असे नाही. स्टोमासाठी पोटाच्या भिंतीत मुद्दाम केलेली फट हळूहळू रुंदावते, आतडे तिच्यातून कातडीखाली येते आणि स्टोमाभोवती फुगवटा दिसू लागतो. याला पॅरास्टोमल हर्निया म्हणतात आणि तो अजिबात दुर्मीळ नाही. न खेळणाऱ्यांनाही होतो; जोर लावणाऱ्यांनी जास्त सावध राहावे, इतकेच.

हे तिन्ही वेगळे मोजायचे कारण सरळ आहे. गार्ड पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर पट्टा आणि घट्ट कपडा. तिसऱ्यावर बाजारात मिळणारी कोणतीही वस्तू पुरेशी नाही.

गार्ड कसा हवा?

परदेशात स्टोमासाठी तयार गार्ड मिळतात : कडक प्लास्टिकची वाटी, तिला रुंद कड आणि कमरेचा पट्टा. आपल्याकडे ते सहज दुकानात मिळत नाहीत, मागवले तर महाग पडतात. मग घरात डोके चालते आणि क्रिकेटचा गार्ड उलटा करून पट्ट्यात खोचला जातो. हे करू नये. का, ते अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणिताने कळते.

समजा धडकेत गार्डवर १,००० न्यूटन जोर आला. म्हणजे साधारण १०० किलो वजन ठेवल्याइतका. वाटीच्या कडेचा घेर ३० सेंटिमीटर धरू. कड २ मिलिमीटर जाडीची असेल तर पोटाला टेकणारे क्षेत्रफळ होते ६ चौरस सेंटिमीटर. तीच कड अडीच सेंटिमीटर रुंद, सपाट आणि फोम लावलेली असेल तर क्षेत्रफळ ७५. जोर तोच, पण प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा दाब साडेबारा पटीने कमी. क्रिकेटचा गार्ड शरीराच्या दुसऱ्या भागासाठी, दुसऱ्या आकारात बनलेला असतो. पोटावर त्याची अरुंद कड नेमकी फ्लँजवर किंवा तिच्या आत टेकते आणि धक्का आला की ती सुरीचे काम करते. वाटीने मार अडवायचा नसतो, तो स्टोमाला वळसा घालून भोवतालच्या धडधाकट पोटावर पसरवायचा असतो. म्हणून कड फ्लँजच्या बाहेर टेकली पाहिजे.

वाटीची खोली दुसरा मुद्दा. इलिओस्टोमी त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असते, कोलोस्टोमी त्याहून बुटकी. त्यात पिशवीत जमणारे द्रव, आणि धक्क्याने वाटी थोडी दबणार ती जागा मिळवायची. बसल्यावर, पुढे वाकल्यावर पोट वाटीत शिरते, हे मापताना विसरले जाते; माप उभे राहून घेतलेले पुरत नाही. खालच्या बाजूला वाटीला रुंद खाच हवी. ती नसेल तर मल पिशवीच्या तळाकडे उतरत नाही, स्टोमाभोवतीच साचतो आणि चकतीखाली शिरून ती उखडतो. म्हणजे गार्ड मजबूत, पण गळती त्याच्यामुळेच.

नाशिककराला एक सोय आहे. हाडांच्या दवाखान्यांशी जोडलेले ऑर्थोटिस्ट, म्हणजे पाठीचे पट्टे, पायाचे आधार, स्प्लिंट बनवणारे, गरम करून वाकवायच्या प्लास्टिकपासून मापाची वाटी तयार करू शकतात. शल्यचिकित्सकांची चिठ्ठी आणि स्टोमाची जागा आखलेला कागद घेऊन गेले की त्यांना काम समजते. इंदिरानगरच्या शेजारी अंबड औद्योगिक वसाहत असल्याने 'थ्री-डी प्रिंट करून घेऊ' हा विचारही कुणाच्या मनात येईल. अभियंता म्हणून माझ्याही आला. पण घरगुती प्रिंटरमध्ये सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ठिसूळ असते, तुटले तर टोकदार तुकडे होतात, आणि साधारण ६० अंशांना मऊ पडू लागते. मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेली वाटी संध्याकाळी त्याच आकाराची असेलच, याची खात्री मी देणार नाही.

वाटीला बाहेरूनही फोम हवा. कडक कवचावर समोरच्याचे डोके किंवा दात आपटू शकतात. आणि इथेच पंचांचा विषय येतो.

नियमात बसते का?

कबड्डीत नखे कापलेली हवीत, अंगाला तेल नको, अंगठी-कडे नको. उद्देश एकच, समोरच्याला इजा होऊ नये. कडक वाटीकडे पंच याच नजरेने पाहणार आणि ते योग्यच आहे. नाणेफेकीच्या वेळी जर्सी वर करून दाखवण्यापेक्षा आयोजकांना आधी लेखी कळवावे, सोबत डॉक्टरांचे पत्र आणि गार्डचा फोटो द्यावा. शेवटचा शब्द पंचांचाच.

वेगळ्या गटाची वाट मात्र नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात स्टोमा स्वतंत्रपणे येत नाही. पॅरालिम्पिकसाठी पात्र धरल्या जाणाऱ्या १० प्रकारांतही तो नाही. स्टोमा असलेला खेळाडू सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच नियमांनी खेळतो.

मग कोणता खेळ, कोणता नाही?

यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही शल्यचिकित्सक अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांना सरळ नकार देतात. अमेरिकेतील ऑस्टॉमी रुग्णांच्या संघटनेची भूमिका अशी, की इजेचा धोका आहे, पण योग्य संरक्षण आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन खेळता येते. माहिती चाळून माझे जे मत झाले ते असे.

कुस्ती नको. मॅटवरची नाही, तांबड्या मातीतली तर नाहीच. पट काढणे, कंबर धरून उचलणे, पोटावर पाडून वर बसणे हाच त्या खेळाचा गाभा आहे. तिथे आवळणे टाळता येत नाही आणि कडक गार्डला कुस्तीचे नियम जागा देत नाहीत. लंगोटाचा पट्टाही बहुधा नको तिथेच येतो. ज्युदो, बॉक्सिंगचे तेच. फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी यांत धडक होते, पण ती खेळाचा हेतू नसते. गार्ड घालून हे खेळ बऱ्याच जणांना झेपतात. क्रिकेटमध्ये धोका चेंडूचा, तो वाटी सांभाळते. खो-खोत सूर न मारता खेळायचे पथ्य पाळता आले तर खेळता येईल.

कबड्डी या दोन्हींच्या मध्ये अडकते. सराव, एकट्याने चढाईची पावले, फक्त स्पर्शाची कबड्डी, हे करता येण्याजोगे आहे. पूर्ण पकडीचा सामना हा निर्णय ज्याने पोट उघडून पाहिले आहे त्या शल्यचिकित्सकाचा. प्रशिक्षकाचा नाही, वडिलांचाही नाही. त्यांना विचारताना 'कबड्डी खेळू का?' असे मोघम विचारू नये. पकडीचा एखादा व्हिडीओ दाखवून 'असे चार जण अंगावर पडतात, चालेल का?' असे विचारावे. हर्नियाची सुरुवात असेल, स्टोमा बाहेर लोंबत असेल किंवा दाहाचा आजार उसळलेला असेल, तर उत्तर नाही असेच येईल.

स्टोमा व्हायचाच असेल आणि शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, तर एक संधी आधीच असते. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पोटावर खुणेने आखतात. पट्ट्याची रेघ, घड्या, जुने व्रण टाळले जातात. 'मी खेळतो' हे तेव्हाच सांगितले तर जागा ठरवताना त्याचा विचार होऊ शकतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत ही चैन नसते.

कुणी खेळले आहे का?

अमेरिकी फुटबॉलमधील रॉल्फ बेनिर्शके यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. सॅन दिएगो चार्जर्सचे हे किकर १९७९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसने कोसळले, मोठे आतडे काढावे लागले, इलिओस्टोमी झाली. १९८० मध्ये ते पुन्हा संघात होते. २ जानेवारी १९८२ रोजी मायामी डॉल्फिन्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला आणि ४१-३८ असा जिंकून देणारी किक त्यांचीच होती. मात्र हे उदाहरण देताना एक गोष्ट गाळली जाते : त्या धसमुसळ्या खेळात किकर हा सर्वात कमी मार खाणारा माणूस असतो. बेनिर्शके पुन्हा खेळले म्हणून बचावपटूही खेळेल, असे होत नाही. ते त्यांच्या जागेवर परतले आणि ती जागा त्यांच्या पोटाला झेपणारी होती.

परतायचे कसे?

शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते आठ आठवडे जड उचलणे बंद. या काळात चालणे हाच व्यायाम, त्यासाठी इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक पुरेसा आहे. भिडण्याच्या खेळाचा विचार साधारण तीन महिन्यांआधी नाहीच, आणि तोही पोटाच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकल्यावर. जिममध्ये परत जाणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा.

खेळाच्या दिवशी चकती नुकतीच बदललेली नको. डिंकाला अंगाची ऊब मिळून धरायला किमान तासभर लागतो. पोटाला तेल, क्रीम, साधी पावडर काही लावू नये. जेवण दोन-तीन तास आधी. मैदानात उतरताना पिशवी रिकामी, आणि एक तृतीयांश भरली की पुन्हा रिकामी. हे बोलायला सोपे आहे. बहुतेक मैदानांजवळ पाणी आणि आतून कडी लागणारे दार, दोन्ही असलेले स्वच्छतागृह शोधावे लागते. सामन्याआधी ते शोधून ठेवावे. डाव्या बाजूची कोलोस्टोमी असलेल्या काहींना नर्सकडून शिकून स्टोमावाटे पाण्याने आतडे धुता येते. मग दिवसभर बहुधा काही येत नाही आणि पिशवीऐवजी छोटी टोपी पुरते. हे फक्त शिकवल्यावर, आणि इलिओस्टोमीसाठी नाही.

इलिओस्टोमी असेल तर मारापेक्षा ऊन अधिक घात करते. पाणी आणि मीठ शोषून घेण्याचे काम मोठे आतडे करते, आणि तेच वापरात नसते. रोज साधारण अर्धा ते एक लिटर द्रव पिशवीतून जाते, त्यात एप्रिल-मेमधील नाशिकच्या मैदानावरचा घाम. तहान लागली म्हणून नुसते पाणी ढोसले तर पिशवीतून आणखी पाणी आणि मीठ निघून जाते. ओआरएस हवे, आणि पुडीवर लिहिलेल्याच मापात. काही पुड्या लिटरभर पाण्याच्या असतात, काही २०० मिलिलिटरच्या. टेट्रापॅकमधले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पायात गोळे येणे, चक्कर, गडद आणि कमी लघवी ही बाहेर बसण्याची वेळ.

खेळ संपल्यावर काय पाहायचे?

जे दुखत नाही ते डोळ्यांनी तपासावे लागते, म्हणून किटमध्ये सुट्या पिशव्या, कात्री, ओले कापड, कचऱ्याची पिशवी यांच्याबरोबर हातातला आरसा. रंग लालसर आणि ओला असेल तर ठीक. जांभळा, काळपट किंवा फिकट राखाडी झाला तर रक्तपुरवठा अडला आहे. रात्रीचे दहा वाजले असले तरी लगेच रुग्णालय. रक्ताचे दोन-चार थेंब ओल्या गार कापडाने हलके दाबल्यावर काही मिनिटांत थांबतात. थांबले नाहीत किंवा स्टोमाच्या आतून येत असतील तर तेच. स्टोमा नेहमीपेक्षा लांब बाहेर आला, शेजारी नवा फुगवटा दिसला, पोटात कळा येऊन काही तास पिशवीत काहीच आले नाही आणि उलट्या सुरू झाल्या, तर उद्यावर ढकलू नये. दोन-तीन दिवसांनीही एकदा पाहावे, कारण काही जखमा तेव्हा दिसतात.

संघात किमान दोघांना, प्रशिक्षक आणि एका खेळाडूला, हे माहीत असावे. बेशुद्ध पडलेल्या मुलाच्या पोटावरची पिशवी प्रथमच पाहणारा माणूस काय करील, याचा भरवसा नसतो.

आणि घरी जाताना मोटारीचा पट्टा. त्याचा खालचा पट्टा ओटीपोटावर, हाडावर बसवावा, स्टोमावरून नेऊ नये. मैदानात तासभर वाटी घालून सांभाळलेला स्टोमा, परतताना अचानक ब्रेक लागल्यावर त्या पट्ट्याखाली चेपला जाऊ शकतो. वाटी घरी पोहोचेपर्यंत काढली नाही तरी चालते, पण मग पट्टा तिच्यावरून नव्हे, खालून.

नाशिकमध्ये प्रशिक्षित स्टोमा नर्स शोधण्यासाठी आधी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयातच विचारावे. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, आणि मुंबईतच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्टोमा असलेल्यांसाठी काम करते. जाताना वापरातली पिशवी, चकतीचे माप आणि ज्या कपड्यात खेळायचे तो कपडा सोबत न्यावा. पट्टा कुठे येतो, हे तो अंगावर घातल्यावरच कळते.